आधी गिअरबॉक्स बिघडवायचा, मग म्हणायचं खपत नाही

प्रति,
स्पोर्ट्स कारमध्ये कोणता गिअरबॉक्स द्यायचा हे ठरवणारी प्रॉडक्ट प्लॅनिंगची मंडळी,
मुक्काम श्टुटगार्ट, म्युनिक, टोयोटा सिटी वगैरे. आणि त्यांच्या भारतातल्या कचेऱ्या

स.न.वि.वि.

सुरुवातीलाच तुमच्या बाजूची गोष्ट मान्य करून टाकतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. मॅन्युअलपेक्षा ऑटोमॅटिक जास्त वेगवान असते. 2021 साली आलेली पोर्शे 911 जीटी3 घ्या. इंजिन तेच, टायर तेच, मागचा पंखही तोच. ड्युएल क्लचवाली पीडीके शून्यावरून शंभरला 3.4 सेकंदांत पोचते, सहा गिअरची मॅन्युअल 3.9 सेकंदांत. मॅन्युअल 17 किलोंनी हलकी आहे, तिचा टॉप स्पीडही 318 च्या जागी 320 आहे. तरी तो अर्धा सेकंद भरून निघत नाही. कारण साधं आहे. ड्युएल क्लचमध्ये एका क्लचवर विषम गिअर असतात, दुसऱ्यावर सम. गाडी तिसऱ्यात पळत असतानाच चौथा पडून तयार असतो. एक क्लच सुटतो त्याच क्षणी दुसरा पकडतो, आणि चाकांकडे जाणारी ताकद तुटतच नाही. माणसाचा डावा पाय कितीही चपळ असला तरी क्लच दाबला की इंजिन आणि चाकं यांची क्षणभर फारकत होतेच.

रेसिंगमध्ये हा निकाल केव्हाच लागलाय. 1989 च्या ब्राझील ग्रां प्रीत नायजेल मॅन्सेल स्टिअरिंगमागे पॅडल असलेली फेरारी 640 घेऊन उतरला. गिअरबॉक्स शर्यतभर टिकेल यावर संघातल्यांचाच फारसा भरवसा नव्हता, आणि गाडी पहिल्याच शर्यतीत पहिली आली. 1997 मध्ये फेरारीच्याच एफ355 मधून ती कल्पना रस्त्यावर आली. 2003 मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ आर32 मध्ये ड्युएल क्लच घालून ती नोकरदारांच्या आवाक्यात आणली. 2009 च्या फेरारी 458 मध्ये आणि 2011 च्या लॅम्बॉर्गिनी अ‍ॅव्हेंटाडोरमध्ये क्लचचं पेडल मिळतच नव्हतं.

तेव्हा आम्हाला पुन्हा पुन्हा घड्याळ दाखवू नका. घड्याळाशी आमचं भांडण नाही. भांडण आहे ते तुमच्या दुसऱ्या वाक्याशी, जे प्रत्येक नव्या गाडीच्या पत्रकार परिषदेत कुणीतरी खांदे उडवून म्हणतंच: मॅन्युअलला गिऱ्हाईक उरलं नाही.

माझं म्हणणं असं की गेल्या पंधरा वर्षांत तुमच्यापैकी बहुतेकांनी मॅन्युअल आधी बिघडवली आणि मग तिचा खप मोजला.

पोर्शेचंच उदाहरण पुढे चालवतो, कारण या खेळातल्या चुका आणि त्यांची दुरुस्ती, दोन्ही तिथे स्वच्छ दिसतात. 2011 साली 911 ची 991 पिढी आली तेव्हा तिला सात गिअरची मॅन्युअल मिळाली. ऐकायला छान. पण तो गिअरबॉक्स उभारला होता पीडीकेच्याच सांगाड्यावर. सातवा गिअर फक्त पाचव्यातून किंवा सहाव्यातूनच पडायचा, नाहीतर कुलूप. कारण एवढ्या दाटीवाटीत चौथ्यातून पाचव्याऐवजी चुकून सातवा पडू नये. हायवेवर पेट्रोल वाचवायला दिलेल्या त्या एका गिअरपायी हातात येणारी अख्खी रचनाच अवघडली. ऑटोमॅटिकसाठी आखलेल्या यंत्राला दांडी जोडून दिली की तिला मॅन्युअल म्हणता येतं, पण चालवणाऱ्याच्या हाताला फरक कळतो. 2013 मध्ये तर जीटी3, म्हणजे ज्या गाडीची ओळखच ट्रॅकवरच्या शौकिनांची गाडी अशी, ती फक्त पीडीकेसह आली.

मग काय झालं? 2016 साली 911 आर नावाची, फक्त 991 नग असलेली छोटी आवृत्ती निघाली: जीटी विभागाचं चार लिटरचं इंजिन, सहा गिअर, फक्त मॅन्युअल. जुन्या गाड्यांच्या बाजारात तिची किंमत यादीतल्या किमतीच्या कितीतरी वर गेली. गिऱ्हाईक नव्हतं म्हणता? पुढच्याच वर्षी जीटी3 मध्ये मॅन्युअल परत आली, तीही जादा पैसे न घेता. आणि 2024 मध्ये आलेल्या नव्या 911 कॅरेरा टीमध्ये तो सातवा गिअर काढून टाकलाय. सहा गिअर, मॅन्युअलच, दुसरा पर्याय नाही. हे सगळं करायला कंपनीला तेरा वर्षं लागली, पण केलं.

आता गिअरिंगकडे, म्हणजे कोणता गिअर किती वेगापर्यंत ताणायचा याकडे, येतो. या पत्राचं खरं कारण तेच आहे, आणि शोरूममध्ये याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

718 केमन जीटी4. मॅन्युअलवाल्यांची लाडकी गाडी, आठ हजार आरपीएमला जाणारं इंजिन, टर्बो नाही. ती दुसऱ्या गिअरमध्ये ताशी 130 च्या पुढे जाते. दुसऱ्या गिअरमध्ये! म्हणजे आपल्याकडे एक्सप्रेसवेची मर्यादा दुसऱ्यातच ओलांडून झाली, वर चार गिअर शिल्लक. आता हीच गाडी आंबेनळी घाटात घाला. हेअरपिनला चाळीसच्या वेगाने वळताना दुसऱ्यात इंजिन अडीच हजारांच्याही खाली घुटमळतं, आणि ज्या आवाजासाठी एवढे पैसे मोजले तो आठ हजारांजवळचा आवाज ऐकायचा तर कायदा, रस्ता आणि समोरून येणारी एसटी, तिघांशीही एकदम भांडण घ्यावं लागतं. पहिला टाकावा तर तो गाडी जागची हलवण्यापुरता. मग ड्रायव्हर करतो काय? दुसऱ्यात गाडी ठेवून घाट उतरतो. दांडीला हात लावायचं कारणच उरत नाही. मॅन्युअल घेऊन अख्ख्या घाटात गिअर न बदलणं, याला कपाळावर हात मारून घेणं एवढाच उपाय.

आठ गिअरच्या ऑटोमॅटिकला हा त्रास नाही. गिअर जास्त, त्यामुळे खालचे जवळजवळ ठेवता येतात आणि वरचे लांब, म्हणजे कमी आरपीएमवर जास्त वेग देणारे, ठेवून माइलेजही मिळवता येतं. मॅन्युअलचे गिअर लांब ठेवण्यामागे उत्सर्जनाचे आणि आवाजाचे नियम आहेत हे मला कळतं. सहाच गिअर असले की कुठे ना कुठे ताणावं लागतं. पण ताणायचं कुठे हे ठरवणारे तुम्हीच ना? टोयोटाने 2022 मध्ये जीआर सुप्राला मॅन्युअल दिली तेव्हा फायनल ड्राइव्हचं, म्हणजे चाकांआधीच्या शेवटच्या गिअरजोडीचं, गुणोत्तर ऑटोमॅटिकच्या 3.15 वरून 3.46 वर आणलं, म्हणजे एकूणच गिअर आखूड केले. पोर्शेने 2023 च्या 911 एस/टीमध्ये गिअर जीटी3 पेक्षा आठ टक्क्यांनी आखूड केले, हलका क्लच आणि सिंगल मास फ्लायव्हील, म्हणजे इंजिनला जोडलेलं फिरतं चाक, हलकं बसवून फिरतं वजन दहा किलोंहून जास्त कमी केलं. पुढच्या वर्षीच्या जीटी3 मध्ये फायनल ड्राइव्ह आठ टक्के आखूड आली. कागदावर हे आकडे किरकोळ दिसतात. गाडी वळणातून बाहेर पडताना पाय खाली गेला की इंजिन लगेच उचलतं की आळस देतं, ते या आकड्यांवर ठरतं.

दुसरी खोड एक्सलरेटरची. पाय उचलला की इंजिनचे आरपीएम झटकन उतरायला हवेत, म्हणजे वरचा गिअर गुळगुळीत पडतो. आजच्या बऱ्याच टर्बो गाड्यांत ते उतरत नाहीत, वरच लोंबकळत राहतात. उत्सर्जनाचा भपकारा निघू नये म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, थ्रॉटलची हवेची झडप हळूहळू बंद करतो, त्यात जड ड्युएल मास फ्लायव्हील. परिणाम असा की वर्षानुवर्षं सफाईने गाडी चालवणाराही शिकाऊ वाटावा असे हिसके बसतात. शेजारी बसलेली मंडळी दोष ड्रायव्हरला देतात. टेस्ट ड्राइव्ह घेणाऱ्यालाही वाटतं की आपला हात गेला, आणि तो मुकाट्याने ऑटोमॅटिक बुक करतो. तुमच्या तक्त्यात मात्र नोंद होते, ग्राहकाची पसंती ऑटोमॅटिकला.

खालचा गिअर टाकताना आपोआप आरपीएम जुळवून देणारी सोय आता जवळपास सगळीकडे आहे. असू दे. नवशिक्याला ती उपयोगी आहे आणि क्लच प्लेटही वाचते. पण तेच काम स्वतः करायची, ब्रेकवर पंजा ठेवून टाचेने एक्सलरेटरला टिचकी मारायची हौस असलेला माणूसच तर या गाडीचा गिऱ्हाईक. बीएमडब्ल्यूच्या आधीच्या पिढीतल्या एम गाड्यांत ही सोय बंद करायची तर गाडी घसरू न देणारा स्टॅबिलिटी कंट्रोल पूर्ण बंद करावा लागे. म्हणजे टाच वापरायची असेल तर जिवावर उदार व्हा! आत्ताच्या एम2, एम3 मध्ये ती वेगळी बंद करता येते. एवढी साधी गोष्ट, पण तिलाही एक पिढी जावी लागली.

म्युनिककरांना आणखी एक विचारायचं आहे. एम3 आणि एम4 मध्ये मॅन्युअल हवी तर 550 न्यूटन मीटरचं इंजिन घ्या. 650 चं, कॉम्पिटिशन नावाचं वरचं मॉडेल हवं, फोर व्हील ड्राइव्ह हवी, तर ऑटोमॅटिकच. कारण सांगता की गिअरबॉक्सला तेवढा टॉर्क झेपत नाही. तुमच्या गिअरबॉक्सला झेपत नसेल. पण अमेरिकेत कॅडिलॅकची सीटी5-व्ही ब्लॅकविंग ही चार दारांची सेडान 668 हॉर्सपॉवर आणि सुमारे 893 न्यूटन मीटर टॉर्क ट्रेमेक कंपनीच्या सहा गिअरच्या मॅन्युअलमधून मागच्या चाकांना देते, आणि मॅन्युअल तिथे जादा पैशांचा पर्यायसुद्धा नाही, स्टँडर्ड आहे. तेव्हा धातूला झेपत नाही असं म्हणू नका. एवढ्या थोड्या गाड्यांसाठी नवा गिअरबॉक्स विकसित करणं परवडत नाही असं म्हणा. ते खरं आहे आणि ते कुणालाही पटेल. पण कमी ताकदीच्या व्हेरिअंटमध्ये मॅन्युअल अडकवायची, सगळ्या जाहिराती कॉम्पिटिशनच्या करायच्या, आणि मग गिऱ्हाइकाने वरचं मॉडेल घेतलं की मॅन्युअल नाकारली म्हणायचं, हा हिशेब सरळ नाही.

यापेक्षा जीआर यारिस बघा. 2020 मध्ये तिची टर्बो, फोर व्हील ड्राइव्हवाली आवृत्ती आली तेव्हा फक्त मॅन्युअल. 2024 मध्ये टोयोटाने आठ गिअरची ऑटोमॅटिक आणली, तिच्यावर कष्ट घेतले, आणि मॅन्युअल तशीच ठेवली. इंजिन एकच, फोर व्हील ड्राइव्ह एकच, गिअरबॉक्स तुमच्या मर्जीने. कुठल्याच बाजूच्या माणसाला शिक्षा नाही. मला विचाराल तर आज या विषयात सगळ्यात प्रामाणिक दुकान हेच आहे.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. हायब्रिड यंत्रणेत क्लचचं पेडल बसवणं अवघड जातं. अपघात टाळायला गाडी स्वतःहून ब्रेक लावते तेव्हा क्लच कोण दाबणार, हा खरा प्रश्न आहे. आणि पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसरा पडला की इंजिनचं जे होतं, त्याचं बिल वॉरंटीत घालायला मालक हजर होतात. पीडीके असला आचरटपणा करूच देत नाही. उलट ज्यांना मुळात गिअरच लागत नाहीत त्यांची गंमत बघा: ह्युंदाईची आयोनिक 5 एन ही इलेक्ट्रिक गाडी आठ गिअरचं सोंग करते, हिसक्यांसकट, आवाजासकट. ज्यांनी गिअरबॉक्स टाकून दिला त्यांनाच तो सॉफ्टवेअरमध्ये लिहून परत आणावासा वाटला.

सगळ्यात जास्त राग येतो तो मॅन्युअलच्या संग्रहालयीकरणाचा. एस/टी किती काढल्या? 1,963. कारण काय, तर 911 चं जन्मवर्ष 1963. अमेरिकेत ती गाडी पहिलं वर्ष भाडेकराराने द्यायची वेळ आली, कारण विकत घेणारे लगेच नफ्यावर विकून टाकतील अशी धास्ती. ही गाडी म्हणजे बँकेच्या लॉकरमधला दागिना झाला: मालकाला वर्षातून दोनदा दर्शन, बाकी वेळ भाव किती वाढला याची चौकशी. आखूड गिअर आणि हलका फ्लायव्हील साध्या कॅरेरात आले असते तर ते रोज कुणीतरी वापरलं असतं. चांगली मॅन्युअल बनवता येते हे तुम्ही मर्यादित आवृत्त्यांमध्ये सिद्ध करता आणि रोजच्या मॉडेलमध्ये विसरता.

आता आमच्या अंगणातलं.

भारतातल्या कचेऱ्यांना मी फार दोष देत नाही, पण एक सवय तुम्हालाही लागली आहे. 2016 मध्ये फोर्डने मस्टँग जीटी इथे आणली. उजव्या हाताची, म्हणजे उजवीकडे स्टिअरिंग असलेली, व्ही8 मस्टँग मॅन्युअल गिअरबॉक्ससह ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात मिळत होती. आम्हाला फक्त ऑटोमॅटिक. स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस 2004 मध्ये इथे आली ती पाच गिअरच्या मॅन्युअलसह, 2011 ची लॉरा आरएस सहा गिअरच्या मॅन्युअलसह. 2017 पासून आरएस म्हणजे डीएसजीच, म्हणजे फोक्सवॅगन गटाचा ड्युएल क्लच. आज तर त्या आरएसला आणि गोल्फ जीटीआयला कुठेच मॅन्युअल मिळत नाही, त्यामुळे इथल्या लोकांपाशी रडून उपयोग नाही.

आणि इथे मॅन्युअल परफॉर्मन्स गाडीला गिऱ्हाईक नाही असं म्हणणाऱ्यांनी मागे वळून पाहावं. 2015 मध्ये रांजणगावात बनलेली अबार्थ पुंटो दहा लाखांच्या आत 145 हॉर्सपॉवर आणि पाच गिअर देत होती. जड क्लच, जुनं डॅशबोर्ड, सर्व्हिसची बोंब, तरी पुण्यातल्या कुठल्याही पेट्रोलवेड्या घोळक्यात तिचं नाव काढून बघा. ह्युंदाईने 2021 मध्ये आय20 एन लाइन आणली ती क्लचचं पेडल नसलेल्या आयएमटीसह. दांडी आहे पण पेडल नाही, असा अर्धवट संसार. दोन वर्षांनी त्याच गाडीत सरळ सहा गिअरची मॅन्युअल द्यावी लागली. 2024 ची टाटा अल्ट्रोझ रेसर तर मॅन्युअलच आली.

बीएमडब्ल्यूच्या भारतीय कचेरीचं मात्र मनापासून कौतुक. 2023 ची एम2 इथे मॅन्युअलसह मागवता येत होती आणि 2025 मध्ये झेड4 मध्येही सहा गिअरचा पर्याय दिला. कुणी डोकं चालवून हे मंजूर करून घेतलं असेल, त्यांना एक कटिंग माझ्याकडून.

बाकीच्यांनी खर्चाचं कारण पुढे करू नये. प्रत्येक इंजिन-गिअरबॉक्स जोडीची इथे वेगळी चाचणी करावी लागते आणि थोड्या गाड्यांसाठी ते परवडत नाही, हे इथे बनणाऱ्या गाड्यांबाबत कबूल. पण युरोप किंवा जपानच्या नियमांत बसणाऱ्या उजव्या हाताच्या गाड्या प्रत्येक कंपनीला वर्षाला 2,500 पर्यंत, इथली वेगळी चाचणी न करता, आयात करता येतात. गोल्फ जीटीआय याच वाटेने आली. मग जीआर यारिस का येऊ शकत नाही? उजव्या हाताची आहे, जपानमध्ये आणि ब्रिटनमध्ये विकली जाते, टोयोटाची शोरूम इथे गावोगावी आहेत. किंमत पन्नास लाखांच्या आसपास जाईल, लोक नाकं मुरडतील, आणि थोडे लोक रांग लावतील. तुम्हाला थोडेच हवे आहेत.

आमच्या लोकांनाही चार शब्द सुनावतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हे पत्र एकतर्फी आहे. स्टेटसला तीन पेडलचा फोटो ठेवायचा आणि बुकिंगच्या दिवशी ऑटोमॅटिकवर टिक करायची, हे आमच्याकडे घाऊक चालतं. हिंजवडीच्या सिग्नलला दीड तास हाफ क्लचवर गुडघा झिजवणाऱ्या माणसाने रोजची गाडी ऑटोमॅटिक घेतली तर तो शहाणाच. पण स्पोर्ट्स कार ही रोजची गाडी नसते. ती रविवारी पहाटे, दूधवाले निघायच्या सुमारास बाहेर काढायची असते, आणि तिथेही ज्यांना आराम हवा त्यांनी मॅन्युअलच्या नावाने गळे काढू नयेत. तुम्ही कंपन्यांनी अशा लोकांचं ऐकून गाड्या आखू नका. जे आगाऊ पैसे भरतात त्यांचंच ऐका: बुकिंग उघडा, मॅन्युअलसाठी, आम्ही माघार घेतली तर परत न मिळणारी रक्कम घ्या, ठरावीक मुदतीत पुरेशा ऑर्डर आल्या तर गाड्या मागवा, नाही आल्या तर पैसे परत करून आम्हाला गप्प बसवा.

आणि हे करताना एक डेमो गाडी मॅन्युअल ठेवा. आत्ताची पद्धत अशी की चालवून बघायला ऑटोमॅटिकच मिळते, मॅन्युअल हवी असेल तर ब्रोशर बघून बुक करा म्हणतात. पन्नास लाख, कोट रुपये असे अंदाजाने कोण टाकणार? डेमो गाडी चढावर बंद पडेल, क्लच जळेल, ही भीती रास्त आहे. मग टेस्ट ड्राइव्हआधी आमची परीक्षा घ्या हवं तर. शोरूमच्या बेसमेंटचा रॅम्प हाफ क्लचवर, हँडब्रेक न ओढता चढवून दाखवतो. सेल्समनने शेजारी बसावं, पट्टा लावून.

कळावे,

एक तीन पेडलवाला,
पुणे